दुखत नाही, कारण हलत नाही

"शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, आजी?" डॉक्टरांनी विचारलं. आईने उजव्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "दोन म्हणा." सहा महिन्यांपूर्वी याच खुर्चीत बसून तिने सात सांगितलं होतं. सातावरून दोनावर! डॉक्टरांनी समाधानाने आकडा टिपून घेतला, मलाही हायसं वाटलं. गोळ्या लागू पडल्या, असं म्हणत आम्ही घरी आलो.

उलगडा रात्री झाला. त्या सहा महिन्यांत आई एकदाही जिना चढली नव्हती. तिचं शिलाई मशीन वरच्या खोलीत असायचं. "कशाला उगाच चढउतार" म्हणत ते मीच खाली आणून ठेवलं होतं. खालीही ते फारसं चाललं नाही, कारण पायाने मशीन मारायला लागलं की गुडघ्यातून कळ यायची. संध्याकाळचं फिरणं एका सर्दीच्या निमित्ताने थांबलं ते थांबलंच. खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांवर जोर द्यायचा, पुढेमागे दोन झोके घ्यायचे, तिसऱ्या झोक्याला उठायचं आणि मग क्षणभर खुर्चीची पाठ धरून तसंच उभं राहायचं. ही कसरत नको म्हणून ती उठायचीच कमी झाली होती. गुडघा दुखत नव्हता, कारण त्याला कामच उरलं नव्हतं.

तेव्हापासून मला त्या शून्य-ते-दहाच्या पट्टीचा राग आहे. पट्टी खोटी नाही. आईही खोटं बोलली नव्हती. पण दोन हा आकडा दोन अगदी वेगळ्या माणसांचा असू शकतो. एक जण रोज जिना चढतो, बाजारहाट करतो आणि तरी त्याला थोडंसंच दुखतं. दुसऱ्याने दुखेल असं सगळं एकेक करत सोडून दिलेलं असतं. पहिला बरा झालाय, दुसरा आक्रसलाय. कागदावर दोघेही सारखेच. म्हणून माझं म्हणणं इतकंच, की म्हाताऱ्या माणसाला "किती दुखतं?" विचारण्याआधी "दुखतं म्हणून काय काय करायचं सोडलंत?" हे विचारलं गेलं पाहिजे आणि उपचार लागू पडला की नाही, हे या दुसऱ्या उत्तरावरून ठरलं पाहिजे.

दुखणं आणि हालचाल यांचं नातं आपण सहसा एकाच बाजूने बघतो : दुखतं म्हणून चालवत नाही. उलट बाजूने येणारी वाट जास्त घातकी आहे. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, चिवट आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातलं जे वंगण असतं त्यातूनच तिला पोसलं जावं लागतं. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सैल होते आणि या दाबण्या-सुटण्यातून तो रस आतबाहेर होतो. म्हणजे सांध्याचं पोषण चालण्यावर आहे. बसवून ठेवलेला सांधा 'जपला' जातो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याची उपासमार होते.

स्नायूंची गोष्ट त्याहून चमत्कारिक. गुडघ्यात सूज आली, पाणी झालं की मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू आपोआप ढिला पडतो. माणसाने कितीही जोर लावला तरी तो पुरता आवळला जात नाही, कारण मज्जारज्जूच्या पातळीवरच त्याला मिळणारा हुकूम कमी केला जातो. ताज्या दुखापतीत ही सोय उपयोगाची असेल. पण महिनोन्‌महिने चाललेल्या गुडघेदुखीत हा स्नायू वाळत जातो. पाऊल टेकताना बसणारा हिसका आधी त्याने झेलायचा असतो, तो आता थेट सांध्यावर बसतो. मग जास्त दुखतं. मग माणूस आणखी कमी चालतो. 'गुडघ्याने दगा दिला' असं म्हातारी माणसं म्हणतात, तेव्हा पुष्कळदा दगा या मांडीने दिलेला असतो.

आणि हे सगळं किती झपाट्याने होतं! २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या अकरा धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर राहायला सांगितलं होतं. आजार नाही, दुखणं नाही, जेवणखाण व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं आणि गुडघा सरळ करण्याची ताकद सुमारे सोळा टक्क्यांनी घटली. निरोगी माणसांची ही गत. पाठ धरली म्हणून पंधरा दिवस झोपून राहिलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईचं काय होत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. अंथरुणाच्या या धोक्यांविषयी रिचर्ड आशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलंय. पाऊणशे वर्षं उलटली, तरी 'आराम करा' हाच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लोकप्रिय सल्ला आहे.

आराम करा, हे सांगणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक चित्र असतं. यंत्राचं. भाग झिजलाय, वापरला तर आणखी झिजेल. हे चित्र पक्कं करायला एक्स-रे फार मदत करतो. काळ्या फिल्मवर दोन हाडांमधली फट बोटाने दाखवून 'बघा, झीज' म्हटलं की पेशंटच्या मनात ते वाक्य कायमचं घर करतं. त्यापुढे प्रत्येक पायरी म्हणजे शिल्लक भांडवलातून खर्च.

पण फोटो आणि दुखणं यांचा मेळ वाटतो तितका नाही. २००८ सालच्या एका अभ्यासात ५० ते ९० वयाच्या माणसांचे गुडघे एमआरआयने तपासले. ज्यांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली दिसली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात दुखणं, ठणकणं, आखडणं यातलं काहीच झालेलं नव्हतं. मणक्याचंही तेच. पाठदुखी नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांत झिजेची चिन्हं होती आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. यांची पाठ दुखत नव्हती, हे पुन्हा लक्षात घ्यायला हवं. ऐंशीव्या वर्षी मणक्याची झीज हा पांढऱ्या केसांच्या जातीचा प्रकार आहे.

याचा अर्थ झीज निरुपद्रवी किंवा दुखणं मनाचे खेळ, असा कोणी काढू नये. सांधा फार बिघडला की तो दुखतोच, आणि काही गुडघ्यांना कृत्रिम सांध्याशिवाय इलाज नसतो. अशा माणसांना शस्त्रक्रिया पुन्हा उभं करते. (तरी पाचातल्या एकाच्या आसपास माणसांचं दुखणं त्यानंतरही रेंगाळतं, हे आधी सांगितलेलं बरं.) मुद्दा असा, की वेदना म्हणजे मोडतोडीचं मीटर नव्हे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली १९७९ पासूनची व्याख्या सुधारली, तेव्हाही वेदनेला अनुभव म्हटलं, संवेदनेचा आणि भावनेचा. तो अनुभव इजेसोबत येतो किंवा इजेसारखा वाटतो. झोप न लागलेली रात्र, एकटेपणा, पडण्याची धास्ती या सगळ्याने तो वाढतो. धास्तीचं तर वेगळंच गणित आहे. दुखेल या भीतीने टाळणं, टाळल्याने अशक्त होणं, अशक्त झाल्याने खरंच जास्त दुखणं, असं भोवऱ्याचं चित्र मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकातच मांडलंय. पायाने चालणं थांबण्याआधी माणूस मनाने थांबलेला असतो, हे त्यातलं मला सगळ्यात पटलेलं.

पडण्याविषयी थोडं. दुखणाऱ्या माणसाने कमी हिंडावं म्हणजे तो पडणार नाही, हा हिशेब घराघरात मांडला जातो. सत्तरीच्या पुढच्या ७४९ माणसांवर दीड वर्ष लक्ष ठेवून केलेला एक अमेरिकन अभ्यास २००९ मध्ये आला. ज्यांचे एकाहून जास्त सांधे दुखत होते, ज्यांचं दुखणं तीव्र होतं किंवा रोजच्या कामाच्या आड येत होतं, ती माणसं जास्त वेळा पडली. दुखऱ्या पायावर भार टाळण्यासाठी माणूस चाल बदलतो, लक्ष अर्धं दुखण्यात असतं, स्नायू वेळेवर सावरत नाहीत. तेव्हा दुखण्यावर इलाज न करता नुसतं हिंडणं कमी करून पडणं टळत नाही, पुढे ढकललं जातं. आणि पुढे ढकललेलं पडणं जास्त अशक्त पायांवर होतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ज्याचं दुखतं त्याला माहीत. लांब उभं राहून 'चाला, हला' म्हणायला काय जातं? मी स्वतः आईला असं दोनतीनदा ऐकवलं आणि तिने जे तोंड केलं ते मी विसरणार नाही. वेदनेला न जुमानता चालत राहण्यात काहीतरी शौर्य आहे, असं मानणाऱ्या लोकांचा मला कंटाळा आहे. दुखणं सोसायला लावणं हा उपचार नव्हे. हालचाल महत्त्वाची आहे म्हणूनच दुखण्यावर जास्त मन लावून इलाज करायला हवा, कमी नव्हे. फक्त त्या इलाजाचं ठिकाण बदलायला हवं. गोळी घेऊन खुर्चीत स्वस्थ बसणं आणि गोळीचा अंमल असताना चालून येणं, यात गोळी तीच असते.

गोळ्यांबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या जातीतल्या गोळ्या गुडघ्याला बरं वाटायला लावतात, पण साठीपुढे पोटात रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, चढलेला रक्तदाब यांची भीती वाढत जाते. त्यामुळे वर्षानुवर्षं त्या घेत राहणं हा मार्ग नाही. त्याच औषधांचं मलम गुडघ्यावर चोळलं तर रक्तात फार कमी उतरतं, म्हणून कित्येक मार्गदर्शक सूचनांत त्याला आधी स्थान आहे. पण मलम चोळून घेणारा हात आणि पाच मिनिटं लागतात, गोळीला पाणी पुरतं. अफूजन्य औषधांनी गुंगी येते, बद्धकोष्ठ होतो, तोल जातो. ती घेऊन पट्टीवरचा आकडा उतरतो आणि माणूस दिवसभर पेंगतो. आकड्याच्या मागे लागलं की हे असं होतं.

व्यायामाबद्दल बढाया नकोत. तो जादू करत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गुडघ्याचा संधिवात असलेल्या साठीपुढच्या ४३९ लोकांवरच्या चाचणीत दीड वर्ष चालण्याचा किंवा वजनं उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं थोडं कमी झालं आणि कामं करण्याची क्षमता थोडी सुधारली. 'थोडं' हाच शब्द बरोबर आहे. २०१४ मध्ये आलेली एक मोठी चाचणी १,६३५ जणांवर, ७० ते ८९ वयाच्या, सरासरी अडीच वर्षांहून जास्त काळ चालली. नियमित चालणं आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्या गटात ३०.१ टक्के लोकांची चारशे मीटर चालण्याची क्षमता गेली, नुसती आरोग्याची व्याख्यानं ऐकणाऱ्या गटात ३५.५ टक्के लोकांची. फरक एवढाच. तरीही ज्याला स्वतःच्या पायाने चारशे मीटर जाता येतं आणि ज्याला येत नाही, त्या दोघांच्या दिवसांत जमीनअस्मानाचा फरक असतो. आणि वय उलटून गेलं, आता काय, असं म्हणणाऱ्यांसाठी : १९९४ सालच्या एका प्रयोगात वृद्धाश्रमातल्या, सरासरी ८७ वर्षांच्या माणसांनी दहा आठवडे पायांना वजनं लावून व्यायाम केला. त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून वाढली. सत्त्याऐंशीव्या वर्षी!

आईच्या फिजिओथेरपिस्टने तिला एक साधा नियम दिला. व्यायाम करताना दुखणं पाचापर्यंत चढलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर उतरलेलं हवं. उतरलं नाही तर आदल्या दिवशी जास्त झालं, आज थोडं कमी करा. बंद करू नका. या एका नियमाने आईच्या हातात सूत्रं आली. दुखणं आता तिला थांबवणारा पोलीस राहिलं नाही, गती सांगणारा काटा झालं. अर्थात काही दुखण्यांना हा नियम लागू नाही आणि ती ओळखता यायला हवीत. पडल्यावर पायावर भारच देता न येणं, एकाएकी लालबुंद सुजलेला आणि गरम सांधा, ताप, रात्री झोपेतून उठवणारी आणि कशानेच न शमणारी कळ, पायांत बधिरपणा येऊन लघवी-संडासवरचा ताबा जाणं. अशा वेळी चालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

काठीचीही एक गंमत सांगून टाकतो. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते आणि तिची मूठ, हात सैल सोडला असता मनगटाच्या सुरकुतीशी यावी लागते. आईने वर्षभर उजव्या गुडघ्यासाठी उजव्याच हातात धरली होती. तिला काठी कशी धरायची हे वर्षभरात कोणीही सांगितलं नव्हतं. कोणीही विचारलं नव्हतं.

इथे हा प्रश्न घराबाहेर पडतो. इस्पितळात किंवा वृद्धाश्रमात एखादा म्हातारा पडला तर त्याची नोंद होते, चौकशी होते, कर्मचाऱ्याला जाब विचारला जातो. तोच म्हातारा तीन आठवडे पलंगावर राहून चालणं विसरला, तर त्याची नोंद कुठेच नसते. ज्या चुकीची नोंद होते ती टाळली जाते, ज्या चुकीची होत नाही ती रोज होते. मग पलंगाचे कठडे वर राहतात आणि 'आजोबा, उठू नका हं' हे प्रेमाने म्हटलं जातं. कर्मचाऱ्यांचा यात दोष नाही. व्यवस्था ज्याचे गुण देते तेच ते करतात. दाखल होताना माणूस किती चालत होता आणि घरी जाताना किती चालतो, या दोन ओळी प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर सक्तीच्या केल्या, तर पुष्कळ कठडे आपोआप खाली येतील.

जागतिक आरोग्य संघटना २०२१ ते २०३० हे निरामय वार्धक्याचं दशक म्हणून पाळते आहे. वृद्धांची क्षमता तपासण्याच्या तिच्या मार्गदर्शिकेत हालचालीची चाचणी आहे आणि ती झकास आहे : हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा, चौदा सेकंदांत. पण ज्या सहा बाबींसाठी आधी चाळणी लावायची, स्मरण, हालचाल, पोषण, दृष्टी, ऐकू येणं आणि उदासी, त्यांत वेदना स्वतंत्रपणे नाही. माझ्या मते ती हवी. हालचालीच्या बाजूलाच, एकाच ओळीत. खुर्चीतून उठता येत नाही एवढं कळून भागत नाही, ताकद नाही म्हणून की कळ येते म्हणून, हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल कोणतं ते ठरत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत तर हे फारच लागू आहे. त्यांना आकडा सांगता येत नाही. त्यांची वेदना उठायला नकार देण्यात, हात झिडकारण्यात, चालताना कपाळाला पडणाऱ्या आठीत असते. तिला 'हट्टीपणा' म्हणून औषध दिलं जातं, तेही गुंगीचं.

रस्त्यांचंही असंच. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असं बऱ्याच ठिकाणी धरलेलं असतं. इंग्लंडमधल्या ६५ पुढच्या लोकांचा सरासरी वेग एका पाहणीत पुरुषांचा ०.९ आणि बायकांचा ०.८ मीटर निघाला. म्हणजे सरासरी म्हातारी बाई रस्त्याच्या मधोमध असताना दिवा बदलतो. ती एकदोनदा घाबरते आणि मग तो रस्ता सोडते, त्यापलीकडची बाग सोडते, तिथली मैत्रीण सोडते. दुखऱ्या गुडघ्याला दीडशे-दोनशे पावलांवर टेकायला बाक नसेल तर तो गुडघा घरातच राहतो. बाक, कठडा आणि सिग्नलचे चार सेकंद वाढवणं हाही वेदनेवरचाच उपचार आहे, फक्त त्याचं प्रिस्क्रिप्शन नगरपालिकेने लिहायचं असतं.

आणि घरातले आम्ही. मशीन खाली आणणारे, पाण्याचा पेला हातात देणारे, 'तू बस, मी करतो' म्हणणारे. यात माया आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी घाईसुद्धा आहे. आईला दारापर्यंत यायला दीड मिनिट लागतं, मला दहा सेकंद. ती सव्वा-दीड मिनिटं वाचवण्यासाठी मी तिचे किती जिने काढून घेतले, मोजलेले नाहीत.

मशीन मी परत वर नेलं. आई चिडली, दोन दिवस बोलली नाही. मग जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घेतला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे ती पुटपुटत शिकली. पहिल्या आठवड्यात चार पायऱ्या चढून परत फिरली. सातव्या पायरीवर आता ती थांबते, कठड्याला टेकून दम घेते, खाली मी उभा असलो तर "बघत काय उभा राहतोस" म्हणते. मशीनवर पाव तास बसते.

परवा पुन्हा तपासणी होती. शून्य ते दहा. आई म्हणाली, "पाच."

डॉक्टरांनी मागचं पान उलटून पाहिलं. "मागच्या वेळी दोन होतं. वाढलंय की."

"वाढणारच," आई म्हणाली, "जिना चढते ना."